‘निरंक’ म्हणजे नेमकं काय?

सरकारी कागदांमध्ये एक मोठा गोड शब्द असतो, ‘निरंक’. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काही घडलं नाही. साथ नाही, रुग्ण नाही, मृत्यू नाही. रकाना कोरा ठेवायचा नसतो, म्हणून त्यात हा शब्द लिहितात. वाचणाऱ्याच्या जिवालाही बरं वाटतं. पण गेली दहा-बारा वर्षं मी आमच्या भागातल्या गावोगावच्या आरोग्य समित्यांच्या बैठकांना जातेय, आणि या शब्दाकडे बघण्याची माझी नजर जरा संशयी झाली आहे. कारण निरंकाचे अर्थ दोन. एक, खरंच कुणी आजारी नव्हतं. दुसरा, कुणी विचारायलाच गेलं नाही. कागदावर दोन्ही अगदी सारखेच दिसतात.

घरात लहान मूल एकदम शांत झालं की आपण काय करतो? ‘चला, बरं झालं’ म्हणून बसून राहत नाही. दोनदा डोकावून बघतो. झोपलंय, की पिठाच्या डब्याशी खेळतंय? गावातल्या आजारपणाच्या बाबतीतही एवढीच चौकस नजर हवी, असं माझं म्हणणं आहे. याच कामाला सरकारी भाषेत ‘रोग सर्वेक्षण’ म्हणतात. शब्द रुक्ष आहे खरा. ऐकल्याबरोबर वाटतं, हा डॉक्टरांचा आणि कलेक्टर कचेरीचा विषय, आपल्याला त्याचं काय? पण मैत्रिणींनो, हे काम सुरू होतं ते आपल्याच ओट्यावर, नळावर आणि शाळेच्या फाटकाशी.

बघा ना. समोरच्या दोरीवर एकाच दिवशी चार-चार चादरी वाळत पडल्या, की त्या घरात कुणाचं तरी पोट बिघडलंय हे आपल्याला न सांगता कळतं. शाळेच्या रिक्षातून आज तीन मुलं कमी उतरली हे आपल्याला दिसतं. रोजची भाजीवाली आठ दिवस फिरकली नाही, आणि आली ती गुडघे धरत आली, हे आपण बघतो. ‘अगं, नळाला आज वास येतोय का गं?’ हे विचारणारीही बाईच असते. घरातल्या आजाऱ्याचं अंथरूण काढणारी, पेज करणारी, रात्री कपाळावर हात ठेवून ताप बघणारीही बाईच. गावात काहीतरी बिनसलंय याची पहिली खबर कुठल्याही दवाखान्याच्या आधी बायकांना असते. फक्त ती खबर सुटी-सुटी असते. माझ्या घरातलं मला ठाऊक, तुमच्या घरातलं तुम्हाला. हे सुटे मणी एका दोऱ्यात ओवणं, म्हणजे सर्वेक्षण.

हा दोरा सरकारकडे नाही असं नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडायला लागले, पिसवांनी लोक हैराण झाले, आणि पाठोपाठ प्लेगचे संशयित रुग्ण सापडले. पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेगचा हाहाकार उडाला. लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. आजच्या चाळिशीपुढच्या बायकांना तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांचे ते फोटो आठवत असतील. त्या धक्क्यानंतर देशात साथींवर पद्धतशीर नजर ठेवण्याचा विचार जोर धरू लागला, आणि २००४ साली ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. पहिल्या टप्प्यात जी राज्यं घेतली, त्यात महाराष्ट्र होता.

याची रचना तशी सोपी आहे. तीन प्रकारचे फॉर्म असतात. पहिला आरोग्यसेविका भरते, नुसत्या लक्षणांवरून. इतक्या जणांना ताप, इतक्यांना जुलाब, इतक्यांना कावीळ, असा. दुसरा डॉक्टर भरतात, रुग्ण तपासून आलेल्या अंदाजावरून. तिसरा प्रयोगशाळा भरते, रक्त, शौच, पाणी यांच्या तपासणीवरून. हे सगळं गावातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला आणि पुढे राज्याला जातं. पूर्वी आठवड्याचा कागद जायचा. २०२१ पासून ही नोंद ऑनलाइन होऊ लागली आहे.

आता ‘साथ आली’ असं कधी म्हणायचं? याचं उत्तर मला फार आवडलं. एखाद्या ठिकाणी, एखाद्या काळात नेहमी जितके रुग्ण असतात त्यापेक्षा जास्त दिसले, की तो उद्रेक. म्हणजे ‘नेहमी किती’ हे आधी माहीत पाहिजे. महिन्याला किती तेल लागतं हे ज्या घरात ठाऊक असतं, त्याच घरात ‘या महिन्यात तेल जास्त गेलं’ हे लक्षात येतं. जिथे हिशेबच नाही, तिथे डबा रिकामा झाल्यावरच कळतं. तसंच हे. काही आजारांचा मात्र एक रुग्णसुद्धा पुरतो. पोलिओचा किंवा प्लेगचा एक संशयित सापडला, तरी सगळी यंत्रणा धावायला हवी.

हा दोरा नीट ओवला गेला तर काय होतं, याचं उदाहरण पुण्याजवळच आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. तो करोनाचा काळ. ताप आला की माणसं तेवढ्या एकाच आजाराचं नाव घेत होती. ‘असेल तेच’ म्हणून सोडून देणं किती सोपं होतं! पण तसं झालं नाही. रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले. बऱ्याच जणांना चिकुनगुनिया निघाला, काहींना डेंगी, आणि पन्नाशीच्या एका बाईच्या रक्तात झिकाचा विषाणू सापडला. महाराष्ट्रातला तो पहिला झिका रुग्ण. ती बाई बरी झाली. पण झिका गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो, म्हणून ही बातमी वेळेवर कळणं किती मोलाचं होतं ते सांगायला नको. लगेच घरोघर पाहणी झाली, डासांच्या अळ्या शोधून पाणी ओतून दिलं गेलं, गरोदर बायकांकडे लक्ष पुरवलं गेलं. एका गावातला ‘साधा ताप’ कुणीतरी साधा मानला नाही, त्याचं हे फळ.

दुसरं उदाहरण कोकणातलं. सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा भागात आणि शेजारी गोव्यात सत्तरी तालुक्यात गेल्या दहा-अकरा वर्षांत ‘माकडताप’ हा आजार माहीत झाला आहे. हा मूळचा कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातला. १९५७ साली तिथल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो माणसांना होतो गोचिडीच्या चाव्याने. काजूच्या हंगामात बागेत बिया वेचणाऱ्या, पालापाचोळा गोळा करणाऱ्या, लाकूडफाटा आणणाऱ्या माणसांना त्याची गाठ पडते, आणि ही कामं कोण करतं हे मी सांगायला नको. पण या आजाराची एक खूण आहे. माणसं आजारी पडण्याच्या आधी पुष्कळदा माकडं मरायला लागतात. बागेत मेलेलं माकड दिसलं, आणि ते कुणी वेळेवर आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याला कळवलं, तर तिथे औषधाची पावडर मारता येते, आसपासच्या तापाच्या रुग्णांचं रक्त तपासता येतं, बायकांना काही दिवस त्या बाजूला न जाण्याबद्दल सांगता येतं. माकडाला हात मात्र लावायचा नाही. म्हणजे बघा, काजू वेचायला गेलेली एक बाई फक्त ‘तिथे माकड मेलंय’ एवढं सांगून कितीजणांचा ताप वाचवू शकते. त्यासाठी ना शिक्षण लागतं, ना पद.

आता दोरा तुटतो कुठे, ते सांगते.

आमचं गाव तालुक्याचं. नगरपालिका आहे, नळ आहेत, दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या जवळच्या दोन-तीन गल्ल्यांमध्ये कावीळ सुरू झाली. एका डॉक्टरांकडे चार रुग्ण, दुसऱ्यांकडे तीन, तिसऱ्यांकडे पाच. काहीजण काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे गेले, त्यांची तर कुठेच नोंद नाही. प्रत्येक डॉक्टरांना वाटलं, पावसाळा आहे, चार-पाच कावीळ असायच्याच. कुणी कुणाला कळवलं नाही. सरकारी दवाखान्यात फारसं कुणी गेलंच नव्हतं, त्यामुळे तिथला कागद निरंक. पाण्याचं बघणाऱ्यांना विचारलं तर, ‘तक्रार नाही’ असं उत्तर. सगळे आपापल्या जागी खरं बोलत होते, आणि सगळं मिळून खोटं होत होतं.

त्याच गल्लीत सात महिन्यांची गरोदर एक मुलगी होती. मुलगीच म्हणते, बावीस वर्षांची होती. तिला कावीळ झाली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार, ज्याला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतात, तो इतरांना बहुधा पंधरा-वीस दिवसांत सोडतो. पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, तो जिवावर बेतू शकतो. हे तिच्या सासूला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? गावात कावीळ आहे हेच मुळी कुणाला एकत्र दिसलं नव्हतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. ती गेली. बाळही गेलं.

त्यानंतर आमच्या बचत गटातल्या बायका गप्प बसेनात. हप्त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर आम्ही घराघरांची यादी केली. कुणाला कावीळ झाली, कधी झाली, घरात नळ कोणत्या लाइनीचा, पाणी किती वाजता येतं. बारा-पंधरा रुग्ण असतील अशी आमची समजूत होती, यादी चाळिसाच्या वर गेली. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली म्हणा, त्यातली जवळजवळ सगळी घरं एकाच व्हॉल्व्हवरची निघाली. यादी घेऊन आम्ही आरोग्याच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी ती बाजूला टाकली नाही, हे कबूल केलं पाहिजे. नकाशावर खुणा केल्या, माणसं पाठवली, आणि गटाराच्या आतून गेलेला एक फुटका पाइप सापडला. साहेबांनी आम्हाला एक गोष्ट समजावली, ती मी तेव्हापासून सगळीकडे सांगते. या काविळीत पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण महिना-दीड महिना लागू शकतो. म्हणजे आज जो आजारी दिसतोय, त्याने ते पाणी मागच्या महिन्यात प्यायलेलं असतं. आजचं पाणी तपासून ‘स्वच्छ आहे’ म्हणण्यात अर्थ नाही, मागचा माग काढावा लागतो. आणि पहिल्या चार रुग्णांनंतरच कुणी माग काढला असता, तर नंतरच्या कितीतरी घरांत ती कावीळ पोहोचलीच नसती.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीने हजारो माणसं आजारी पडली, काहींचे जीव गेले. तिथेही कारण पाणीच होतं. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण एकदम वाढले. हातापायातली ताकद जाण्याचा हा आजार एरवी तुरळक दिसतो. थोड्या दिवसांत इतके रुग्ण येताहेत हे लक्षात आलं म्हणून पाण्याची, विहिरीची, कोंबडीच्या मांसाची तपासणी सुरू झाली. पुढे ही संख्या दोनशेवर गेली. मोठ्या शहरात मोठी रुग्णालयं आहेत, पत्रकार आहेत, आवाज होतो. छोट्या गावात हा आवाज कोण करणार? म्हणून तर आपली नजर अधिक तीक्ष्ण पाहिजे.

आजार लपवण्याची आपल्याकडे फार खोड आहे. घरातली माणसं लपवतात, कारण क्षयरोग म्हटलं की मुलीचं लग्न अडतं, कावीळ म्हटली की दुधाचा रतीब बंद होतो. गाव लपवतं, कारण ‘आपल्या गावाचं नाव पेपरात आलं’ याची लाज वाटते. यात्रा तोंडावर असली तर विचारूच नका. आणि कार्यालयंही लपवतात. का? तर जिथे जास्त रुग्ण दिसतात, तिथल्या अधिकाऱ्याला वरून बोलणी बसतात. मग खालच्या कर्मचाऱ्याला आपोआप कळतं की आकडा कमी लिहिलेला बरा. अशा वेळी ‘निरंक’ हा शब्द सगळ्यांच्याच सोयीचा होतो.

माझा खरा मुद्दा इथे आहे. जो तालुका जास्त रुग्ण नोंदवतो, तो जास्त आजारी असेलच असं नाही. तो जास्त जागा असेल. आणि हे मी मनचं सांगत नाही. पोलिओ या देशातून गेला तो याच समजुतीवर. १९९७ पासून आपल्याकडे पोलिओवर नजर ठेवण्याचं काम नेटाने सुरू झालं. नियम असा होता की पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही असो, ते कळवायचं. मग चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. आता गंमत ऐका. पोलिओ नसला तरी इतर कारणांनी लुळेपणा येणारी काही मुलं कुठेही असतातच. त्यामुळे पंधरा वर्षांखालच्या एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एक तरी असं मूल कळवलं गेलं पाहिजे, असा जगभरचा दंडक आहे. भारताने स्वतःसाठी तो वाढवून दोनचा केला. एखाद्या जिल्ह्याने त्याहून कमी कळवले, तर त्याला शाबासकी नव्हती, विचारणा होती. ‘तुमच्याकडे कुणीच कसं नाही? तुम्ही बघता आहात ना?’ म्हणजे निरंक लिहून सुटका नव्हती.

त्याचं फळ काय मिळालं बघा. २००९ साली जगात सर्वांत जास्त पोलिओचे रुग्ण भारतात होते, ७४१. २०१० मध्ये ते ४२ वर आले. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एक रुग्ण सापडला, तो शेवटचा. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. डोस पाजणाऱ्या हातांचं कौतुक सगळ्यांनी केलं, आणि ते रास्तच आहे. पण कुठे डोस पोहोचत नाही हे दाखवलं ते या नजरेने. त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

कुणी म्हणेल, ‘ताई, सरकारला घरातलं सगळं सांगायचं म्हणजे उद्या घरावर पाटी लागायची.’ ही भीती खोटी नाही, आणि तिला मी हसणार नाही. १८९७ च्या पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडच्या अंमलाखाली गोरे शिपाई घरात, देवघरात, माजघरात शिरले. माणसं धरून नेली. त्याचा परिणाम काय झाला? लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. जबरदस्तीने मोजायला गेलं की मोजदाद चुकते, हा तिथला धडा. त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले मुलगा यशवंतच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करत होत्या, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शिपायाला पाहून माणूस दार लावून घेतो, सेवा करणारीला पाहून दार उघडतो. सव्वाशे वर्षांनी करोनात हेच पुन्हा दिसलं. घरावर पत्रे ठोकले, तिथे माणसांनी ताप लपवला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ म्हणत आशाताई ओळखीच्या दारात तापमापक घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी लोकांनी हात पुढे केला. काही ठिकाणी त्यांना शिव्याही खाव्या लागल्या, हेही खरं.

म्हणून माझं म्हणणं असं की मोजायचं आजाराला, माणसाच्या नावाला नाही. यादी आरोग्यसेविकेच्या हातात असावी, चावडीवर लागू नये. चावडीवर काय लागावं? तर आकडा. ‘या आठवड्यात गावात जुलाबाचे सहा रुग्ण, पाणी उकळून प्या’ एवढं फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? आत्ता होतं असं की माहिती आपल्या घरातून निघते ती वर-वर जाते, पण परत खाली येत नाही. आरोग्यसेविका विचारून गेली, पुढे काय झालं ते कळत नाही. मग पुढच्या वेळी बायकाही ‘कोण नाही हो आजारी’ म्हणून दार लोटून घेतात. सांगणाऱ्याला उत्तर मिळालं पाहिजे, तरच ती पुन्हा सांगेल. हा साधा संसारातला नियम आहे.

दुसरं, खासगी डॉक्टरांबद्दल. आपल्यातले बहुतेक जण आधी त्यांच्याकडेच जातात. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद खासगी डॉक्टरांनीही सरकारला कळवायची, असा नियम २०१२ पासून आहे. इतर साथींबद्दलही ही सवय लागली पाहिजे. ‘डॉक्टर, हे तुम्ही आरोग्य खात्याला कळवलंत का?’ हा प्रश्न आपण नम्रपणे विचारू शकतो. डॉक्टर रागावत नाहीत, हा माझा अनुभव आहे. फार तर चष्म्यावरून बघतात.

तिसरं, आशाताईंबद्दल. २००५ पासून गावाच्या आरोग्याचा निम्मा भार या बायकांच्या पायावर उभा आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, टाळ्या वाजल्या. पण त्यांना कायम नोकरी नाही, कामानुसार मोबदला. सर्वेक्षण म्हटलं की तिचीच वही, तिचाच मोबाइल, तिच्याच चपला झिजायच्या. जिचा मोबदला महिनोन् महिने रखडतो, तिने घरोघर जाऊन खरे आकडे आणावेत ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? तिच्या मोबदल्याचा प्रश्न हा तिचा एकटीचा नाही, तो आपल्या लेकराबाळांच्या जिवाचा आहे. ती मोर्चाला गेली तर ‘यांचं नेहमीचंच’ म्हणू नका.

आणि आपण काय करायचं? फार नाही. एका गल्लीत किंवा वस्तीत आठ दिवसांत तीन-चार घरांत एकच आजार दिसला, की आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला त्याच दिवशी सांगायचं. ‘दुसरं कुणी सांगेल’ म्हणायचं नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, कावीळ झालेली बाई गरोदर असली, उंदीर, कावळे, कोंबड्या किंवा माकडं एकाएकी मरायला लागली, तर एकाच घटनेवर सांगायचं. ग्रामसभेला गेलात की विचारा, ‘आपल्या गावाच्या पाण्याचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे?’ पाण्याच्या स्रोताची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका. कितीतरी गावांत सरपंचालाही तो रंग सांगता येत नाही, हे मी पाहिलंय. टीसीएल पावडर कधी आणली, जलसुरक्षक क्लोरीनची ओटी टेस्ट रोज करतो का, त्याची वही दाखवा म्हणा. वही बघायला मागणं हा उद्धटपणा नाही. किराणावाल्याच्या उधारीची वही आपण बघतोच की.

आणि बचत गटांनो, तुमच्याकडे तर वही आहे, दर महिन्याची बैठक आहे, गावातलं प्रत्येक घर ठाऊक असलेल्या बायका आहेत. हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं फक्त एवढं विचारायचं, ‘या महिन्यात कुणाकडे कोण आजारी होतं?’ आमच्या गटात आता हे चालतं. बहुतेक वेळा सर्दी-खोकलाच असतो. तो लिहायला शाई फार जात नाही. पण त्याच्यामुळे आम्हाला ‘नेहमी किती’ हे कळायला लागलंय, आणि जास्त झालं तर लगेच लक्षात येईल.

एक मात्र मनाशी पक्कं करू या. आपल्या गावाचा आकडा मोठा आला म्हणून मान खाली घालायची नाही. रुग्ण दाखवणाऱ्या डॉक्टरांना आणि सेविकेला जाब विचारण्याऐवजी, पुढे काय केलं ते विचारू या. आणि ज्या गावाचा कागद महिनोन् महिने निरंक येतो, तिथे मुद्दाम जाऊन दोन घरांची दारं वाजवू या. खरंच सगळे बरे असतील तर चहा पिऊन परत येऊ.